नवऱ्याच्या पोटरीवरचा भाता

ऐन वेळी लाकडी साचा तडकला, तेव्हा भातेवालीची नजर नवऱ्याच्या पायावर गेली. गुडघ्याशी जाड, घोट्याशी बारीक. बाणांच्या भात्याला याहून चांगला साचा कुठला मिळणार? तिने बकरीचं ओलं कातडं त्याच्या पोटरीभोवती गुंडाळलं, वादीने घट्ट शिवलं आणि त्याला उन्हात बसवलं. "हललात तर बघा!"

कातडं वाळून आवळायला लागलं, तसा नवरा खिदळायला लागला. "अगं, गुदगुल्या होतायत! काढ, काढ!"

भातेवालीने कपाळावर हात मारला. घाईघाईत केसाळ बाजू आत गेली होती! तो हसून हसून गडाबडा लोळत होता, आणि त्याला धरता धरता तिचीही हसून मुरकुंडी वळली. कातडं भिजवून सैल करायला पाणी आणायचंही तिला सुधरेना.

तेवढ्यात भाता सांगून गेलेल्या तिरंदाज बाई दारात आल्या. नवऱ्याच्या गुडघ्यापाशी कातड्याच्या आत बोट घालून म्हणाल्या, "केस आतून? वा! म्हणजे चालताना बाण खडखडणार नाहीत. अहो, असाच अजून एक हवा."

भातेवालीने नवऱ्याच्या दुसऱ्या पायाकडे पाहिलं.

नवरा भात्यासकट पळाला.