अट नसलेला माणूस

एक्सेलमधल्या सॉल्व्हरने पुन्हा तेच सांगितलं: शक्य असं उत्तर सापडत नाही.

समीनाने खुर्ची मागे सारली. पिंपळगाव राजाकडच्या गावांना धरणाचं पाणी पोचवणाऱ्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात ती कॉम्प्युटरवर बसे. कोणत्या गावचा व्हॉल्व्ह कोणत्या दिवशी कोणी उघडायचा, याचा आठवड्याचा तक्ता तिच्याकडे होता. गावांची अंतरं आणि माणसांच्या अटी एक्सेलमध्ये भरायच्या, सॉल्व्हर चालवायचा. सगळ्यांच्या अटी पाळून कमीत कमी फिरावं लागेल अशी वाटणी तो करून देई. इतकी वर्षं ते बिनबोभाट चाललं होतं.

पोळ्याच्या सुमारास व्हॉल्व्हमन कडूबा हार्ट अटॅकने गेला. त्याच्या जागी शिवम आला. माणसं तेवढीच, गावं तेवढीच. पण तक्ता बसेना. चाचपून पाहावं म्हणून तिने शिवमच्या जागी कडूबाचं नाव टाकलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळे चौकोन भरले. समीनाच्या अंगावर सरकन काटा आला.

मग तिने अटींचा रकाना वाचला. आमीरला शुक्रवारी नमाज. हरिओमला नदीपलीकडचं गाव नको. शिवमला सकाळी कॉलेज. कडूबापुढे काहीच नव्हतं. जे कोणालाच नको ते निमूट त्याच्या वाट्याला जात होतं.

तक्ता तर पाठवायलाच हवा होता. कडूबाच्या पाळ्या बाकीच्यांना विनवण्या करून वाटून देऊ, असं म्हणून तिने तो कडूबाच्या नावासकट तसाच व्हॉल्व्हमनच्या ग्रुपवर टाकला. एकेकाचं होकाराचं 'हाव' आलं. सगळ्यांत शेवटी कडूबाच्या नंबरवरूनही आलं: 'हाव'.

तिने लगेच फोन लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी कडूबाच्या नावावर लागलेल्या नदीपलीकडच्या गावाला फोन करून विचारलं, तर नळाला भरपूर पाणी आलं होतं. कोणी सोडलं, याला उत्तर मिळालं, कडूबाच असेल, दुसरं कोण येते इकडे?

पुढच्या पाळीला समीना स्वतः नदीपलीकडे गेली. भर दुपारी शिवारात चिटपाखरू नव्हतं. व्हॉल्व्हच्या खड्ड्यावर कडूबाचा खाकी शर्ट वाकलेला दिसला.

शर्टाने मागे वळून पाहिलं. कडूबाची बायको होती, सोजराबाई. लुगड्यावर तिने नवऱ्याचा शर्ट चढवला होता.

"मावशी, तुमी काऊन आल्या?"

"मोबाइलवर त्याईचं नाव आलं. नाव आलं तं जा लागते."

समीना खड्ड्याजवळ आली. मग म्हणाली, पुढच्या आठवड्यापासून तुमचंच नाव टाकते. कोणता दिवस जमत नाही तेवढं सांगा.

सोजराबाई म्हणाली, "त्याईले इचारलं होतं का कधी?"



सोजराबाईने चाक फिरवलं, पाइपाला कान लावला आणि हातानेच तिला थांब म्हणाली. बराच वेळ काही नाही. मग जमिनीच्या पोटात, खूप लांबून, धप् धप् असा आवाज येऊ लागला. कोणी थकलेलं माणूस पाय ओढत यावं तसा. सोजराबाईने पटकन डोक्यावर पदर घेतला आणि काहीतरी पुटपुटली.

ती "आलं" म्हणाली की "आले", ते समीनाला त्या आवाजात नीटसं कळलं नाही.