एप्रनच्या खिशातले हात

नगरपालिकेने पाठवलेली, आजाऱ्यांना रोजची कामं पुन्हा शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट इंगुन पहिल्याच दिवशी टोरुनच्या मनातून उतरली. पक्षाघाताने लुळा पडलेला उजवा हात घेऊन टोरुनचा नवरा हाल्वार्ड दहा मिनिटं एका बटणाशी झटत होता, आणि ही बया खुर्चीत बसून खिडकीतून डोंगरांमधल्या फ्योर्डचं पाणी न्याहाळत होती. टोरुन बटण लावायला पुढे सरसावली तेव्हा मात्र इंगुनने मान वळवली.

"बसा तुम्ही. घाई कुणाला आहे?"

घाई टोरुनलाच होती. तिच्या खुब्याचं ऑपरेशन बर्गेन शहरातल्या दवाखान्यात व्हायचं होतं, नंतर सहा आठवडे तिकडेच राहायचं होतं. तेवढे दिवस हाल्वार्ड एकटा राहू शकला नाही तर त्याची रवानगी वृद्धाश्रमात. "तिथे गेलो की परत येत नाही मी," असं तो म्हणायचा. म्हणून तिने मिळालेली तारीख दोनदा रद्द केली होती आणि त्याला सांगितलं होतं की दवाखान्यातच गर्दी आहे.

इंगुनने बोटांच्या व्यायामासाठी मऊ, रंगीत चिकणमातीचा गोळा आणला. हाल्वार्डने तो सरळ टेबलाखाली टाकला.

"पोरी, चाळीस वर्षं फेरीबोटीची इंजिनं उघडली मी. बालवाडीत नाही जायचं मला."

दुसरी कुणी असती तर रागावली असती. इंगुन उठली, शेडमध्ये गेली आणि त्याचाच नटबोल्टचा डबा आणून तिने वर्तमानपत्रावर ओतला. "मग हे जोडा. मी गुरुवारी येते."

हाल्वार्ड चक्क कामाला लागला. पण बुधवारपर्यंत जेमतेम सहा जोड झाले, तेव्हा टोरुनला राहवलं नाही. दुपारी तो डुलकी घेत असताना तिने आणखी वीस जोडून टाकले. इंगुनने गुरुवारी एकेक हातात घेऊन पाहिला.

"हे सहा वाकडे बसलेत, ते यांचे. बाकीचे छान आवळलेत, म्हणजे तुमचे. टोरुन, तुमच्या हातांना काही झालेलं नाही. यापुढे मी सांगेपर्यंत ते एप्रनच्या खिशात ठेवायचे."

इतकं खरं तिला तोंडावर कुणी सांगितलं नव्हतं. राग आला, आणि मग ही बाई तिला आवडायलाच लागली. इंगुनला माणूस कळत होता. शेडपासून चुलीपर्यंत तिने हाल्वार्डला आधी दोन लाकडं आणायला लावली, मग चार, मग अख्खी टोपली. तो अडखळायचा तेव्हा ती हात पुढे करायची नाही, पण त्याच्या पायांवरची तिची नजर हलायची नाही. हात पुढे न करता नुसतं उभं राहणं किती अवघड असतं, ते टोरुनला आता कळत होतं.

एप्रिलअखेर हाल्वार्डची परीक्षा झाली. चूल पेटवायची, कॉफी करायची, पाव कापून त्यावर तपकिरी चीजचा पातळ काप ठेवायचा. एक कप निसटून फुटला. टोरुन अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. हाल्वार्डने केरसुणी शोधली, तुकडे गोळा केले, दुसरा कप काढला. पाऊण तास लागला. इंगुनने कॉफी पूर्ण संपवली आणि ती म्हणाली, "राहू शकतात एकटे. लिहून देते."

हाल्वार्डने फोन ओढला. बर्गेनच्या दवाखान्याचा आठ आकड्यांचा नंबर. सहाव्यावर बोट घसरलं, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला लागला.

"माझ्या बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. तिने दोनदा तारीख रद्द केली. आता करणार नाही."

टोरुनचा चेहरा उतरला. "तुला कुणी सांगितलं?"

त्याने फोन छातीशी धरला. "शेजारच्याच खोलीतून फोन करायचीस. हात गेला होता माझा, कान नव्हते गेले."

टोरुन दोघांसमोर रडली. त्याने इंगुनकडून पेन मागून घेतलं आणि पलीकडची बाई सांगेल ती तारीख, वाकडीतिकडी का होईना, उजव्या हाताने स्वतः लिहून घेतली.