करी रोडच्या फळ्यावर भारत पात्र

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, करी रोडच्या एका चाळीच्या दारात टांगलेला. गिरणीतल्या खोक्याच्या फळ्या जोडून आणि वर काळा रंग फासून मला बनवलं, ते साल बासष्ट. जाकार्त्याला भारताने आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं होतं. गिरणीच्या साचेखात्यात मागावर काम करणाऱ्या नानांना ते अख्ख्या चाळीला ओरडून सांगावंसं वाटलं, पण ओरडायचा स्वभाव नव्हता. म्हणून त्यांनी मला टांगलं आणि खडूने लिहिलं, 'आशियात आपण पहिले.' लोक थांबून वाचायचे. मला वाटलं, आता आयुष्यभर असलंच काहीतरी अंगावर येणार.

नाही आलं.

नानांनंतर खडू त्यांच्या मुलाकडे, राजरत्नकडे आला. राजरत्न बँकेत नोकरीला आहे, आणि भारताच्या प्रत्येक फुटबॉल सामन्याचा निकाल लिहायचं व्रत त्याने सोडलेलं नाही. विश्वचषकात भारत आजवर उतरलेला नाही, त्यामुळे त्या महिन्यात माझ्यावर ब्राझील आणि अर्जेंटिना नांदतात. कतारच्या आशियाई चषकात आपण तीन सामने हरलो आणि गोल एकही केला नाही. राजरत्नने आपली तीन शून्यं एकाखाली एक इतकी सुबक काढली की तळमजल्यावरच्या मीराबाई म्हणाल्या, "आज रांगोळी छान आलीय रे."

मग दोन हजार पंचवीसच्या जुलैत आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी हरवलं आणि आशियाई चषक गाठला. राजरत्नची मुलगी श्रेया चाळीसमोरच्या पटांगणात रोज चेंडू घेऊन घाम गाळते. तिला जिल्ह्याच्या संघात जायचं आहे, आणि सरावाला दुसरी जागा नाही. तिच्यासाठी राजरत्नने माझ्या अंगभर लिहिलं, 'भारत पात्र!'

इथेच घोळ झाला. चाळीचा पुनर्विकास चालू आहे. अशा चाळीत 'पात्र' शब्दाचा अर्थ एकच, नव्या इमारतीत खोली मिळणार. आणि मीराबाईंच्या मुलाचं नाव भारत. खोली त्याच्या नावावर आणि तो कितीतरी वर्षं अपात्र. मीराबाईंनी मला वाचलं, डोळे पुसले, पेढे घेतले आणि थेट बिल्डरच्या ऑफिसात जाऊन वाटायला सुरुवात केली. तिथल्या माणसाने पेढा खाल्ला, यादी पाहिली आणि सांगितलं, "मावशी, भारत अपात्रच आहे."

राजरत्न माफी मागायला गेला. "मावशी, तो देश होता हो."

"देशाला कशाला रे खोली पाहिजे?" मीराबाई म्हणाल्या.

 

संध्याकाळी चाळ कमिटीचे अध्यक्ष जगन ओलं फडकं घेऊन आले. "हा शब्द फळ्यावर नको. बिल्डरची माणसं येतात, गैरसमज होतो."

"अहो, पण मुली पात्र ठरल्यात!" राजरत्न म्हणाला.

"मग मनात ठेव ना. इथे सुविचार लिही."

मुलींनी इतकं मिळवलं, ते एका फडक्यात गेलं. मी लाकूड आहे, आणि माझ्या आत जे पेटलं होतं त्यावर अख्ख्या चाळीचा चहा झाला असता.

ऑक्टोबरात आपली पुरुष मंडळी गोव्यात, घरच्या मैदानावर, सिंगापूरकडून हरली. आशियाई चषकाचं दार बंद. दुसऱ्या दिवशी जगन माझ्यासमोर उभे राहून गरजले, "दीडशे कोटींचा देश! अकरा माणसं मिळत नाहीत? लाज आहे, लाज!" आणि त्याच श्वासात पटांगणाकडे वळून, "ए श्रेया! बंद कर ती धपधप! गाड्या लागल्यात, दिसत नाही?"

त्याच आठवड्यात पेंटर आला. माझ्या अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलं गेलं, 'येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.' आता माझ्यावर खडू उमटत नाही. राजरत्नने एकदा प्रयत्न केला आणि खडू खिशात घालून कामावर गेला.

त्या संध्याकाळी श्रेया आली. तिने मला पूर्ण वाचलं, चार पावलं मागे गेली आणि चेंडू माझ्या तोंडावर हाणला.

जगन गॅलरीतून ओरडले, "वाचता येत नाही का गं?"

"येतं ना, काका. 'मनाई'च्या 'म'वर नेम धरतेय."

"डावीकडे गेला गं," उंबऱ्यात तांदूळ निवडत मीराबाई म्हणाल्या. "परत मार."

मित्रांनो, माझ्या वयाच्या वस्तूने शेवटी 'आम्हाला जपा' असं म्हणायचं असतं. मी म्हणणार नाही. दीडशे कोटींत अकरा का मिळत नाहीत, असं विचारणारा कुणी भेटला, तर त्याला माझ्यासमोर आणून उभा करा. उत्तर माझ्या तोंडावर रंगवलेलं आहे. आणि तुमच्याही दारात माझा असा एखादा भाऊबंद लटकत असेल, तर त्याला जपू नका. चेंडू घ्या आणि त्याच्या फळ्या निखळेपर्यंत मारा.