क्लेमच्या बोटांतली पट्टी

मित्रांनो, तुमच्या घरातल्या एखाद्या खणात मी पडलेली असते, तर मोडक्या कुलपाची कडी समजून तुम्ही मला केव्हाच फेकून दिलं असतं. मला त्याचा राग नाही. दिसायला मी आहेच तशी. तळहातावर मावणारी, काटकोनात वाकवलेली एक पोलादी पट्टी, एका अंगाला एक भोक आणि दुसऱ्या अंगाला दुसरं. पण मी साधीसुधी पट्टी नाही. मी एक जुनी बोल्टपट्टी आहे, आणि माझ्या भरवशावर जिवंत माणसं कड्याला लोंबकळली आहेत.

माझा जन्म ब्लॅकहीथ नावाच्या डोंगरातल्या गावात झाला, क्लेमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. क्लेम रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. आठवडाभर इंजिनं दुरुस्त करायची आणि सुट्टी मिळाली की कडे चढायचे, एवढंच त्याला ठाऊक. त्याने मला कापलं, वाकवलं, भोकं पाडली, आणि शेवटी कडा घासायला कानस हातात घेतली. तेवढ्यात त्याची टॉफी नावाची कुत्री आत धावत आली आणि तिने त्याच्या कोपराला धडक दिली. कानस घसरली. माझ्या कडेला एक खाच पडली ती कायमची.

क्लेमची बायको नेरिडा दारात उभी होती. ती म्हणाली, "टाकून दे ती. डागी निघाली."

"खाच कडेला आहे गं, भोकाला नाही. ताकद कुठे कमी होतेय?"

"तुझ्या म्हणण्यावर मी लटकू?"

मग क्लेमने मला शेडच्या तुळईत ठोकलेल्या बोल्टवर चढवलं आणि एका मोडीत काढलेल्या मोटारीचं इंजिन माझ्याखाली दिवसभर टांगून ठेवलं. संध्याकाळी नेरिडाने मला उलटंसुलटं करून पाहिलं, उजेडात धरलं, आणि चढाईच्या सामानात टाकलं. तिच्याकडून एवढं कौतुक म्हणजे खूप झालं, हे मला पुढे कळलं.

आमच्याकडच्या कड्यांमध्ये जुन्या लोकांनी ठोकलेले बोल्ट नुसते बोडके असतात. दगडातून फक्त त्यांचं षटकोनी डोकं बाहेर दिसतं. त्याला दोर अडकवायचा कसा? म्हणून प्रत्येकाने आपापल्या पट्ट्या कमरेच्या पिशवीत घेऊन चढायचं. माझं भोक किल्लीच्या भोकासारखं आहे, खाली रुंद आणि वर अरुंद. रुंद भागातून बोल्टचं डोकं आत घ्यायचं आणि मला खाली ओढायचं, की अरुंद भाग डोक्याच्या मागे जाऊन बसतो. मग माझ्या दुसऱ्या भोकात जाडजूड कॅरॅबिनर, म्हणजे खटकीने उघडमीट होणारी धातूची कडी, घालायचा आणि त्यात दोर. कॅरॅबिनर जाडच हवा, कारण तोच मला पुन्हा वर सरकू देत नाही.

हे सगळं एका हाताने करायचं. दुसऱ्या हाताने दगड धरलेला असतो आणि बोल्ट बहुधा डोक्याच्या वर असतो, न दिसणारा. म्हणजे डोळ्यांचं काम बोटांना करावं लागतं. क्लेम पिशवीत हात घालायचा, त्याचा अंगठा माझ्या खाचेवरून फिरायचा, आणि खाच कुठल्या बाजूला आहे त्यावरून मी सुलटी की उलटी हे त्याला कळायचं. मी बसले की 'टक्' असा आवाज व्हायचा. तो मला एक हिसका द्यायचा आणि खाली ओरडायचा, "बसली."

खाली दोर धरून उभी असलेली नेरिडा म्हणायची, "ऐकलं." मगच ती पुढचा दोर सोडायची.

त्यांचा मित्र मॉरी या बोलण्याची फार चेष्टा करी. "झाली का तुमची प्रार्थना? लग्नातसुद्धा तुम्ही दोघं इतके नेमाने बोलला नव्हतात."

"लग्नात पडलो तर फार लागत नाही," नेरिडा म्हणायची.

मित्रांनो, या बाईबद्दल किती सांगू? ती फिजिओथेरपिस्ट होती, दिवसभर लोकांचे दुखरे खांदे आणि गुडघे तिच्या हाताखालून जात. त्यामुळे तिला नुसतं धाडस कधी पटलं नाही. थंडीत कड्याखाली पोचल्यावर ती आधी सगळ्यांना खांदे फिरवायला लावी, मुठी उघडमीट करायला लावी, सोप्या दगडावर थोडं चढउतार करायला लावी. गार बोटांनी बारीक कपारीला लटकलं तर बोटातली दोरी तुटते, असं ती म्हणे, आणि ती दोरी दुकानात मिळत नाही. डोक्यावर हेल्मेट नसेल त्याच्यासाठी ती दोर हातात धरत नसे, मग तो कितीही मोठा गडी असो. उन्हाळ्याच्या तोंडाशी अंगणात ताडपत्री पसरून ती सगळं सामान मांडायची. दोर इंच-इंच बोटांतून ओढून पाहायची, पट्टे, टाके, कॅरॅबिनरच्या खटक्या, सगळं. जे झिजलं ते बाद. क्लेम हळहळायचा, "अगं, याने मला किती वेळा वाचवलंय." ती म्हणायची, "म्हणूनच. आता त्याला पुन्हा कशाला कामाला लावतोस?" तिचा हा कोरडेपणा मला मनापासून आवडायचा. असं प्रेम फार थोड्यांना जमतं.

माझीही वेळ एकदा आली. पावसाने निसटलेल्या एका दगडाबरोबर क्लेम कोसळला आणि त्याचं सगळं वजन माझ्यावर आलं. मी धरलं. मला बोल्टवरून सोडवून खाली आणल्यावर त्याने ओठांना लावलं, आणि मॉरी म्हणाला, "बायको समोर उभी आहे रे." त्या दिवसाइतकी मी कधीच खूश नव्हते.

पुढे दिवस पालटले. नव्या चढायांवर चकचकीत कड्या दगडातच पक्क्या बसवलेल्या असायच्या. तरुण मंडळींना आमची गरज उरली नाही. माझ्या कितीतरी बहिणी डब्यांत गंजून गेल्या. मला मात्र क्लेमने सोडलं नाही, कारण त्याचं मन जुन्या चढायांत होतं. त्यातली एक त्याची फार लाडकी. तिचं नाव 'उशिरा आलेला पोस्टमन'. तिथे पहिल्या बोल्टनंतर एक रुंद कट्टा लागतो, आणि दुसरा बोल्ट त्या कट्ट्याच्या बराच वर आहे. तिथून सुटलं तर माणूस दोरावर नाही, कट्ट्यावर आपटतो.

मग एका हिवाळ्यात एक गोष्ट झाली, आणि ती सर्वांत आधी मला कळली. क्लेमची बोटं मला ओळखेनाशी झाली.

त्याचा अंगठा माझ्या खाचेवरून जायचा आणि थांबायचाच नाही. मला पिशवीत शोधताना तो हाताने चाचपडायचा, भलतीच वस्तू बाहेर काढायचा. सकाळी हात झटकत बसायचा आणि नेरिडा आली की चहाचा कप उचलायचा. माझं सांगायचं कोणाला? पट्टीला तोंड नसतं. मला पहिल्यांदा त्याच्यासाठी भीती वाटू लागली.

त्यांच्यात एक रीत होती. चढताना ज्याच्या हातून पट्टी पडेल त्याने परतताना सगळ्यांना बेकरीतले लॅमिंग्टन खिलवायचे, खोबऱ्यात घोळवलेले ते चौकोनी केक. त्या हिवाळ्यात आम्ही क्लेमच्या हातून सारख्या पडू लागलो.

"क्लेम, आज काय पाडणार आहेस?" मॉरी विचारायचा. "मी सकाळी नाश्ता केला नाही मुद्दाम."

"खा लेका. माझ्यामुळे तुझं वजन वाढतंय आणि दोर धरायला लागतो माझ्या बायकोला."

सगळे हसायचे. क्लेमही हसायचा. त्या हसण्याआड तो किती घाबरला होता ते फक्त मला माहीत होतं. नेरिडाला कळलं तर ती चढणं बंद करणार, आणि चढणं बंद म्हणजे त्याच्या लेखी सगळंच बंद.

हिवाळा सरता सरता तो 'पोस्टमन'वर गेला. वारा पडलेला होता, खाली दरीत पक्षी कलकलत होते. पहिली पट्टी त्याने डोळ्यांसमोर बसवली, तिथे अडचण नव्हती. कट्टा ओलांडून तो वर गेला, दुसऱ्या बोल्टखाली आला आणि पिशवीतून मला काढलं. हात डोक्यावर नेला. मी बोल्टच्या डोक्यावर टेकले, पण आत गेलेच नाही. नुसत्या कडेवर अडकून राहिले. त्याने माझ्यात कॅरॅबिनर घातला, दोर घातला. हिसका दिला असं त्याला वाटलं, पण त्याची बोटं माझ्यावरून नुसती घसरली होती.

"बसली," तो ओरडला.

खालून उत्तर आलं नाही.

"नेरिडा, बसली म्हणतोय. दोर सोड."

"मी टक् ऐकलं नाही."

"वाऱ्याने नेला असेल आवाज."

"वारा नाहीये, क्लेम. परत बसव."

"हात भरून आलेत माझे. एवढी पायरी चढतो, मग वर उभा राहून बोलू."

"नाही. मी दोर सोडत नाही. आधी तिच्याकडे बघ."

मॉरी खाली पुटपुटला, "अगं, बसली म्हणतोय ना तो."

"तो म्हणतोय. ती नाही म्हणाली," नेरिडा म्हणाली.

मित्रांनो, त्या क्षणी क्लेमला रागाने पुढे रेटता आलं असतं. दमलेला माणूस बहुधा तेच करतो. तो तसं वागला नाही, आणि म्हणूनच मी त्याला मोठा मानते. त्याने पाय नीट रोवले, मान मागे टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. मग एका बोटाने मला नुसतं हलवलं. मी बोल्टवरून सुटले आणि दोराला लोंबकळत त्याच्या छातीशी आले.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. खाली कट्टा दिसत होता.  त्याने मला उचललं आणि डोळ्यांनी पाहत पाहत, सुईत दोरा ओवावा तसं बोल्टवर चढवलं. टक्.

"बसली," तो हळूच म्हणाला.

"ऐकलं."

"मला खाली घे, नेरिडा."

खाली आल्यावर तो पाठपिशवीवर बसला आणि दोन्ही हात मांडीवर पालथे टाकले. "मला बोटांना कळत नाही गं. हिवाळा लागला तेव्हापासून."

 नेरिडा त्याच्यासमोर गवतात बसली. तिने निलगिरीचं एक पान उचललं. "डोळे मीट. मी कुठे टोचतेय सांग."

"अंगठा... नाही, मधलं बोट. खरं सांगू, काहीच कळत नाही."

"आता?"

"करंगळी. ही तर लगेच कळली."

नेरिडाने श्वास सोडला. "करंगळी शाबूत आहे. म्हणजे मनगटात नस दाबली गेलीय. आयुष्यभर हातोडे मारलेस, आयुष्यभर दगड धरलेस." मग तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "दिवसभर लोकांचे हात बघते मी. आणि माझ्याच टेबलावरचा हात मला दिसला नाही."

"मी दिसू दिला नाही. तू मला थांबवलं असतंस."

"थांबवलंच असतं. आणि आत्ता थांबवतेय."

"कायमचं?"

"ते तुझ्या बोटांना विचारू."

मॉरीने कड्याच्या माथ्यावरून दोराने उतरून मला बोल्टवरून सोडवून आणलं. क्लेमच्या मनगटाची छोटी शस्त्रक्रिया झाली, मग हाताला आधाराची पट्टी. नस मोकळी झाली तरी बोटं एकदम जागी होत नाहीत, त्यांना पुन्हा शिकवावं लागतं. नेरिडाने स्वयंपाकघरात एका मोठ्या वाडग्यात कोरडे तांदूळ घेतले आणि त्यात बटण, नाणं, निलगिरीचं बोंड, मी आणि माझी एक बिनखाचेची बहीण असं सगळं पुरून ठेवलं. डोळे मिटून एकेक वस्तू ओळखायची. तिची अट सरळ होती. आम्हा दोघी पट्ट्यांतला फरक ज्या दिवशी त्याला बोटांनी कळेल, त्या दिवशी तो पुन्हा पुढे होऊन चढेल. नाही कळला तर नाही.

आठवड्यांमागून आठवडे तो चुकत राहिला. बटणाला नाणं म्हणायचा. मॉरी येऊन बसायचा आणि म्हणायचा, "निदान ते तांदूळ शिजवा तरी." क्लेम कधी वैतागून वाडगा लांब सारायचा आणि थोड्या वेळाने स्वतःच पुढे ओढायचा. आजारी हाताकडून काम करून घ्यायला कडा चढण्याहून जास्त धीर लागतो, हे मी त्या तांदळात पडून शिकले.

एका सकाळी त्याचा हात माझ्यावर आला. अंगठा माझ्या कडेवरून गेला. पुढे गेला. मग थांबला आणि मागे आला.

मी जीव मुठीत धरून होते, मला मूठ नसली तरी.

"ही टॉफीवाली," क्लेम म्हणाला. त्याचे डोळे मिटलेलेच होते आणि पापण्यांखालून पाणी वाहत होतं.

नेरिडा ओट्याकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही. तशीच म्हणाली, "ऐकलं."

मग तिने मला त्याच्या हातातून घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि माझ्या भोकावर नख फिरवलं. अरुंद भाग झिजून रुंद झाला होता. "तू जा," ती त्याला म्हणाली. "हिची मात्र सुट्टी."

क्लेमने वाद घातला नाही.

मित्रांनो, मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण जो नियम त्याच्यासाठी, तोच माझ्यासाठी. तुम्ही कुठेही चढा, झाडावर, गच्चीवर नाहीतर डोंगरावर, तुमचं सामान रोज डोळ्यांनी तपासा. आणि हात दुखत असेल, बोट बधिर होत असेल, तर हसून लपवू नका. खाली दोर धरून जो उभा आहे त्याला सांगा. माझ्यासारखी पट्टी शेडमध्ये पुन्हा बनवता येते, तुमचा हात बनवता येत नाही.

आता मी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर टांगलेली असते, कपांच्या शेजारी. चढाईला निघताना क्लेम दाराशी थांबतो, हात वर करतो आणि न बघता माझ्या खाचेवरून अंगठा फिरवतो. अंगठा थांबतो. मगच तो निघतो.