मिसरचा राजा उदगिरात

टप्प.

भर दुपारच्या सामसुमीत आढ्यावरचं बाशिंग शिवगंगेच्या पदरात पडलं आणि सोप्यात झोपलेल्या बसम्माचं घोरणं थांबलं. शिवगंगेनं श्वास धरला. सासूबाई कुशीवर वळल्या. घोरणं पुन्हा मार्गी लागलं.

लग्नातलं बाशिंग आढ्याला बांधायचं, त्याला हात लावायचा नाही, असा घरचा रिवाज. पण दुष्काळात लग्नं बंद, बाजारात बेगडी कागद मिळेना. आणि सोनं तर हवंच होतं. लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं म्हणून शाळेत सोंगं होती. आपल्याकडचे राजे-राण्या आधीच वाटले गेले. लेकीच्या, सिंधूच्या वाट्याला पुस्तकाच्या चित्रातला मिसरचा, म्हणजे इजिप्तचा राजा आला. मागच्या खेपेला ती झाड होती, सगळ्यांच्या मागं. मुकुट चकाकला नाही तर यंदाही झाडच, असं बाईंनी बजावलेलं.

शिवगंगेनं नवऱ्याची पट्ट्यापट्ट्याची चड्डी उसवली. मिसरच्या राजाच्या डोक्यावरून खांद्यावर उतरलेलं फडकं हुबेहूब तसंच होतं, फक्त नाडी नव्हती. कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर खळीनं बेगड चिकटवून छातीभर रुंद हार केला, कपाळावर फणा काढलेला नाग. सिंधूनं आरशात पाहिलं, इवलंसं नाक वर केलं.

"आई, मी लई मोठी दिसायले."

दोघी गल्लीत आल्या, तोच शेजारच्या जगदेवीकाकूंनी पाहिलं. पावसासाठी पोरं अंगाला लिंबाचा पाला बांधून दारोदार धोंडी मागतात, आणि दारातल्या बाईनं त्यांच्या डोक्यावर पाणी ओतायचं असतं. यंदा पालाच वाळला, म्हणून धोंडीनं चड्डी बांधली असेल, असं काकूंनी धरलं आणि तांब्या उपडा केला.

"काकू, धोंडी न्हाई, मिसरचा राजा हाय ती."

"असू दे की. राजाचं तरी देव ऐकंल."

सकाळी प्यायला थेंब नाही म्हणणाऱ्या घरांतून कळशा निघाल्या. बसम्मा बाशिंग चोरलं म्हणून शिव्या देत आल्या, गल्लीचं पुण्य पाहून माघारी वळल्या आणि कुलपातली घागर घेऊन परतल्या.

खळ विरघळली. फणा नाकावर आला, हार पोटावरून ओघळला. तिकडं शाळेची घंटा झाली. शिवगंगा पोरीपुढं उकिडवी बसून पदरानं तिचं तोंड पुसू लागली. पुन्हा झाड, हे सांगायला जीभ उचलेना. सिंधू ओठांवरचं पाणी चाटत होती.

"आई, पाऊस न्हाई आला, तर ह्यांचं पाणी परत द्यावं लागतंय का?"