पाण्याच्या टाकीपासून फाटकापर्यंत

"सिग्नल हिरवा," ताईने खणखणीत आवाजात सांगितलं आणि लगेच आवाज जाड करून स्वतःच उत्तर दिलं, "हिरवा."

संगणकाच्या पडद्यावर तिची नऊ डब्यांची गाडी स्टेशन सोडून निघाली. खऱ्या इंजिनात दोघं असतात. एकाने सिग्नल मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने तो बघून तसाच म्हणायचा. ताईच्या इंजिनात ती एकटीच, म्हणून दोन्ही कामं तिच्याच गळ्यात. तिचा नवरा म्हणायचा, बायको स्वतःशी बोलते याची काळजी नाही, पण उत्तरंही देते, त्याचं काय करायचं?

दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. लहानपणी ती आणि धाकटा भाऊ रुळांजवळ उभं राहून डबे मोजत. पुढे भाऊ खरोखरच इंजिनचालक झाला आणि ताईच्या वाट्याला भिंगं आली. दुधाची तहान ताकावर भागवावी म्हणून तिने हा खेळ आणला, आणि ते ताकच तिला असं काही लागलं की विचारू नका. खेळातला मार्गही भावाचाच. त्या मार्गाने तीन वेळा खिडकीशी बसून तिने वही भरली होती आणि खेळ बनवणाऱ्यांनी गाळलेले पूल, गोदामं, पाण्याची टाकी, सगळं आपल्या हाताने जागच्या जागी बसवलं होतं.

तो भाऊ दीड महिन्यापासून तिच्याकडेच राहत होता. वळणापलीकडच्या फाटकात एक माणूस बंद दांड्याखालून सायकल घेऊन आत शिरला, आणि भावाची गाडी त्याच्यावरून गेली. चौकशी झाली, तुमचा दोष नाही असं लेखी मिळालं. साहेबांनी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, ताईच्या नवऱ्याने तर रोज समजावलं. पण समजूत घालायला बसलेल्या माणसाचा शब्द कितपत खरा धरायचा? क्षणभर आधी ब्रेक लावला असता तर, एवढंच भाऊ म्हणायचा. पुन्हा गाडीवर येणार की कायमचं टेबलाचं काम घेणार, हे त्याला उद्या कचेरीत कळवायचं होतं. बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून तो बसला होता.

"सिग्नल हिरवा," ताई म्हणाली. "हिरवा."

"पिवळा आहे तो."

भाऊ दारात उभा होता. ताईने पाहिलं तर सिग्नल खरंच पिवळा. सवयीने तोंडातून हिरवा निघून गेला होता. तिने घाईघाईने वेग उतरवला. एकच माणूस सांगणार आणि तोच तपासणार, मग तीच चूक दोनदा होणार नाही तर काय, असं भाऊ करवादला. दीड महिन्यात तो एका दमात इतकं बोलला नव्हता. ताईने खुर्ची सोडली आणि स्टूल ओढून बाजूला बसली.

तो खुर्चीत बसला. पुढच्या स्टेशनात त्याने गाडी अशी लावली की ताईला स्वतःची लाज वाटली.

इथे ती खेळ बंद करायची. अपघातानंतर या स्टेशनापुढे ती एकदाही गेली नव्हती. पुढे टाकी होती, वळण होतं, आणि मग ते फाटक. भावाचा दोष नाही हे तीही दहा वेळा म्हणाली होती, पण आतून तिला भीती होती. संगणक कुणाची भीड बाळगत नाही. फाटक दिसताच ब्रेक लावून गाडी अलीकडे थांबलीच, तर दोष भावाचाच ठरणार नाही का?

"आज पुरे," ती म्हणाली. "चहा टाकते."

भावाने गाडी काढली.

टाकी आली. वळण सरताच फाटक दिसलं, रिकामं, दांडे खाली. त्याने शिट्टी दिली आणि तत्काळ पूर्ण ब्रेक लावला. गाडी फाटकावरून गेली, पुढेही जात राहिली आणि मग केव्हातरी थांबली.

"किती पुढे?"

ताईने पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा वाचला. पाचशे चाळीस मीटर.

त्याने गाडी मागे घेऊन पुन्हा तोच वेग धरला. आता वळणाची वाट पाहत हात ब्रेकवर तयारच ठेवला होता. पाचशे वीस. तिसऱ्यांदाही तेच. मग तो तिच्याकडे वळला.

"ताई, खरं सांग. ब्रेक ढिले केलेस?"

"मनात आलं होतं," ताई म्हणाली. "दोनदा ब्रेकच्या आकड्यांचं पान उघडलं. हात धजला नाही."

तिने ते पान त्याच्यापुढे उघडलं. भावाने एकेक आकडा बोट ठेवून वाचला. वजन बरोबर होतं, डबे बरोबर होते. ब्रेक खऱ्यापेक्षा कणभर चांगलेच होते, तो म्हणाला, आमच्या गाडीला असले ब्रेक कोण देतो? मग म्हणाला, दुप्पट कर.

तिने दुप्पट केले. गाडी फाटकापुढे दीडशे मीटर गेली. तिप्पट केले, तरी इंजिन आणि एक डबा फाटकाच्या पलीकडे. चौपट केले तेव्हा मात्र गाडी भिंतीवर आदळल्यासारखी थांबली, फाटकाच्या अलीकडे, आणि पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली की बहुतेक प्रवासी जखमी झाले आहेत.

भाऊ त्या लाल अक्षरांकडे पाहत राहिला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा पाठ हलत होती. आधी तिला वाटलं तो हसतोय. मग तिलाही रडू आलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते बरं वाटलं. कुणीच काही समजावत नव्हतं.

"चौपट," तो म्हणाला. नाक पुसलं. "असली गाडी कुठे मिळते?"

"कुठेच नाही रे."

दारात ताईचा नवरा येऊन उभा राहिला होता. दोघांच्या तोंडाकडे पाहून तो आल्या पावली परत गेला. थोड्या वेळाने आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला.

भावाने ब्रेक होते तसे केले. गाडी पुन्हा फाटकापलीकडे पाचशे वीस मीटरवर आणून उभी केली. ताईला वाटलं, आता झालं. तिने पडदा बंद करायला हात पुढे केला. भावाने तो अलगद बाजूला सारला.

"थांब," तो म्हणाला. "गाडीतली माणसं किती वेळ खोळंबलीत."

आणि त्याने ब्रेक सोडला.