पिवळ्या कापडावरचे हात

आंब्याखाली अख्खं म्पिंगा गाव लोटलं होतं. फांदीला पिवळंधमक ओलं कापड टांगलेलं आणि त्याच्यापुढे डॉक्टर काडांगो नाचत होते. डॉक्टर ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली. गळ्यात रानमांजराची शेपटी, डोळ्यांवर काळा चष्मा.

"पळालेला नवरा परत आणतो! नापास पोरगं पास करतो! चोराचं पोट घरबसल्या फुगवतो! मग तुमची लेकरं खाणारी चेटकीण मला सापडणार नाही?"

"सापडेल!" गाव ओरडलं.

त्या पावसाळ्यात हगवणीने गावातली दोन लेकरं गेली होती. लोकांना कुणाला तरी जबाबदार धरायचं होतं. परीक्षा सोपी होती. प्रत्येकाने कापडावर पंजा दाबायचा. माणूस निर्दोष असेल तर कापड पिवळंच राहील. चेटकीण असेल तर रक्त उमटेल, आणि मग तिचं घर जाळून तिला गावाबाहेर काढायचं.

मी या गावच्या शाळेत विज्ञान शिकवता शिकवता म्हातारा झालो. गावप्रमुख म्हणाले, "सर, तुम्ही आधी." थट्टा म्हणून मी पंजा दाबला. काहीच उमटलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

माझ्यामागे आइनो होती. ही फिनलंडहून आलेली स्वयंसेविका माझ्याच अंगणातल्या खोलीत राहते. दिवसभर सायकलवरून वाड्यावस्त्या फिरते, संध्याकाळी आमच्यासोबत मक्याची उकड हाताने खाते आणि डोक्यावरून पाणी आणताना अजूनही निम्मं सांडते. तिने घरोघरी संडासापाशी पाण्याचा कॅन टांगून दिला होता. पायाने दोरी दाबली की कॅन कलतो. साबण परवडत नाही म्हणून शेजारी वाटीत राख. "राख चोळा, हात धुवा" हे तिचं गाणं पोरांना तोंडपाठ होतं.

"मी नाही म्हटलं तर लोक म्हणतील, स्वतःला वेगळी समजते," असं पुटपुटत तिनेही पंजा दाबला. कापड पिवळंच राहिलं. मग सगळ्या गावाचे पंजे लागले. सगळे निर्दोष.

शेवटी राहिल्या गोगो नाचिसाले. गावात म्हाताऱ्या बाईला सगळे गोगो म्हणतात. त्यांची झोपडी आंब्याला लागूनच होती.

"थांबा रे, आत्ताच संडासातून येतेय. हात धुते."

"गोगो, कापडाला हात लावायचाय, जेवायला नाही बसायचं!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

"पोरीने शिकवलंय ना, मग करायला नको?" गोगोंनी मूठभर राख चोळली, पाणी मात्र जपून दोन थेंब घेतलं, आणि येऊन पंजा दाबला.

पिवळ्या कापडावर लालभडक हात उमटला.

"रक्त! रक्त!" बायका किंचाळल्या. गोगोंचा सख्खा पुतण्या दोन पावलं मागे सरला. एकाने चुलीतलं जळतं लाकूड उचललं. गोगो आपल्या तळव्याकडे बघत राहिल्या. "सर, माझ्या हाताला काय झालं हो?"

तेवढ्यात मला कापडाचा वास आला. हळद! शाळेत सामान नसतं म्हणून याच हळदीचे कागद करून मी मुलांना आम्लारी पदार्थ ओळखायला शिकवतो. राखेत आम्लारी पदार्थ असतात आणि ते लागले की हळद लाल होते. गोगोंचा हात लाल उमटला, कारण तो नुकताच राखेने धुतलेला होता आणि दोन थेंब पाण्याने राख पुरती गेली नव्हती. आणि माझा? मी सकाळी संडासातून निघालो तो थेट आंब्याखाली आलो होतो. तोंड उघडलं तर हेही सांगावं लागणार होतं. मी हात पाठीमागे लपवले.

"सर, हा तर आपला हळदीचा कागद!" सातवीतली एलुबी पुढे आली. "सर, बोला ना! घाबरलात का?"

माझी वाट न बघता ती कॅनकडे पळाली, राख चोळून आली आणि पंजा दाबला. लाल!

"घ्या, मी पण चेटकीण!"

मग सगळी शाळाच राखेच्या वाटीवर तुटून पडली. कापडावर लहान लहान लाल पंजे उमटू लागले.

"लागण झालीय पोरांना!" काडांगो ओरडले. "मोठं औषध करावं लागेल!"

एलुबीने कुणाच्या तरी कुंपणातलं लिंबू तोडून कापडावरच्या गोगोंच्या पंजावर पिळलं. लाल बोटं पुन्हा पिवळी झाली. "गेलं चेटूक! एका लिंबात!"

लोक हसले. पण लेकरू गमावलेली एक आई हसली नाही. तिने हळूच विचारलं, "मग आमचे हात का नाही झाले लाल?"

हसणं थांबलं. आता माझी पाळी होती.

"कारण आपण ते राखेने धुतले नव्हते," मी म्हणालो. "मीही नाही. आणि हगवण हातांवरूनच पोटात जाते."

आइनोने खिशातून छोटी बाटली काढली. तिचे कान लाल झाले होते. "मी तुम्हाला राख शिकवते आणि स्वतः घरून आणलेलं हे जंतुनाशक हाताला लावते. राखेला मी कधी हातच लावला नाही."

काडांगोंची मोटरसायकल कधी सुरू झाली, कुणाला कळलंही नाही. सगळे मान खाली घालून आपापल्या तळव्यांकडे बघत होते. जळतं लाकूड धरलेल्याने ते गुपचूप मातीत विझवलं.

गोगोंनी चुलीतली राख पाटीत भरून आणली. "आता रांग लावा," त्या म्हणाल्या. "पोरी, तू पहिली. मग सर."

बाळांनो, कुणी तुम्हाला रक्त दाखवलं तर आधी विचारा, ते कशाचं आहे. स्वतः करून बघा. आणि उत्तर माहीत असेल, तर ते सांगताना आपली फजिती होणार असली तरी सांगा.

ते कापड आता वर्गात टांगलंय. पंजे तपकिरी पडलेत, तरी ओळखू येतात. दरवर्षी नवी मुलं विचारतात, "सर, यात तुमचा हात कुठला?"

मी मोकळ्या पिवळ्या जागेवर बोट ठेवतो.